मावशीच्या हातावरची पट्टी

माझ्या आईवर अन्याय झाला. २००५ साली, गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच या पाच तासांत. जागा वसईतलं एक नर्सिंग होम, पहिला मजला, ऑपरेशनची खोली. आई टेबलावर भुलीत होती, तिच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढत होते, आणि त्याच वेळी तिच्या दोन्ही किडन्या रक्तावाचून कोरड्या पडत होत्या. त्या खोलीतल्या एकाही माणसाला ते कळलं नाही. कळायचं साधनच तिथे नव्हतं.

तेच साधन पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या सख्ख्या मावशीच्या हातावर चिकटवलेलं होतं. तिचीही गाठ आतड्याचीच. आई तीच, बाप तोच, रक्त तेच. एकीच्या हातावर पट्टी, दुसरीच्या हातावर काही नाही.

मला हेवा वाटला. अजून वाटतो. लोक म्हणतात, आजारपणात कसला हेवा. ज्यांना तसं वाटतं त्यांनी तीन महिने माझ्या आईच्या उशाशी बसून बघावं.

आमचं घर वसईजवळ गासला. घरामागे वाडी, वाडीत केळी, थोडी पानवेल, कडेने माड. आई केळी सोलून उन्हात वाळवायची आणि सुक्या पानात बांधून सुकेळी करायची. आमच्या गल्लीत तिच्याइतकी मऊ सुकेळी कोणाची होत नसत. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि गावातल्या पोरांबरोबर टँकरविरुद्ध पत्रकं काढत होते. आमच्या विहिरींचं पाणी उपसून टँकर नालासोपारा-विरारच्या बिल्डिंगींना नेत, आणि एप्रिल लागला की आमच्याच विहिरींचा तळ दिसे. पत्रक लिहायची रीत मला पाठ झाली होती. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला, दुसऱ्या ओळीत कधी, आणि शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं. मधे रडगाणं कमी.

मावशी आईपेक्षा चार वर्षांनी लहान. तिला नोकरीवाला नवरा मिळाला आणि ती विरारकडे बोळिंजला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. पंधरा वर्षांत तिच्या तोंडचं 'पानी' जाऊन 'पाणी' झालं. आई अजून 'पानी'च म्हणते. मावशीच्या बिल्डिंगीच्या टाकीत टँकर रिकामा व्हायचा आणि मी तिच्या घरी गेले की मुद्दाम विचारायचे, मावशी, आज कोणाच्या विहिरीचं पितेयस? ती हसायची. म्हणजे आमच्यात हा खवचटपणा आधीपासून होता, कॅन्सर नंतर आला.

आईला वर्षभर रक्त पडत होतं. तिने ते मूळव्याध म्हणून अंगावर काढलं. शेवटी मी ओढून नेली तेव्हा दुर्बीण घालून बघितलं आणि गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागायला वेळ होता. बाबा म्हणाले, वसईलाच करू, सर्जन मुंबईचाच येतो, आणि जवळ असलं की आपली माणसं येऊन बघून जातात. आमच्याकडे हे फार महत्त्वाचं. माणूस बरं झालं की नाही ते मागून, आधी किती जण बघायला आले ते मोजतात.

सर्जन सोमवारी यायचे. भूल देणारे डॉक्टर दिवसाला तीन नर्सिंग होम फिरायचे. मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. माणूस घाईत होता एवढंच म्हणते. ऑपरेशन लांबलं, रक्त ठरल्यापेक्षा जास्त गेलं. बाहेर येऊन ते सांगून गेले की मधे बीपी थोडं खाली गेलं होतं, मग आलं, आणि बोटाला लावलेला प्राणवायूचा चिमटा शेवटपर्यंत अठ्ठ्याण्णव दाखवत होता, काळजी नको. आम्ही काळजी केली नाही. अठ्ठ्याण्णव म्हणजे दहावीलाही कोणाला पडत नाहीत.

गाठ निघाली होती. आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावली होती. ती तात्पुरती, तीन-चार महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून बंद करायची असं ठरलं. दुसरी पिशवी लघवीची, नळीला जोडून खाटेच्या दांडीला अडकवलेली.

आता आमची करणी सांगते. हे मी आजवर कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं सुरू झाली. अख्खी गल्ली आली. मामे, चुलते, वाडीत कामाला येणाऱ्या बायका, बाबांच्या भजनातले. मोठे काका आले, म्हणजे आईचे थोरले दीर, ज्यांच्यासमोर ती पंचवीस वर्षं डोक्यावर पदर घेऊन वावरली. आणि ती लघवीची पिशवी बरोबर स्टुलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. आई अर्धवट शुद्धीत होती. काकांचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले आणि मला म्हणाली, "ते झाक."

शुद्धीवर आल्यापासून तिने मला सांगितलेलं हे पहिलं काम.

मी टॉवेल टाकला. तो घसरत होता. म्हणून दुपारी घरी जाऊन माझ्या जुन्या फ्रॉकच्या फुलाफुलांच्या कापडाची एक खोळ शिवली, वर नाडी घालून. संध्याकाळी मावशीने ती पिशवीवर चढवली, नाडी आवळली आणि म्हणाली, छान शिवलीस ग, कोणाला कळणार पण नाही.

कोणाला कळलं नाही. आया सकाळ-संध्याकाळ खोळीच्या खालून तोटी सोडून भांड्यात ओतून न्यायची आणि वहीत लिहायची, 'लघवी झाली'. किती, ते नाही. झाली. मी त्या वहीत स्वतः डोकावले होते आणि माझं समाधान झालं होतं.

तिसऱ्या दिवशी आईचा चेहरा भरला. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, ऑपरेशन मानवलं हो, चेहऱ्यावर कसं तेज आलंय. ती सूज होती. संध्याकाळी आईला धाप लागली. रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा तो कचरा, रक्तात साठून वर गेला होता. रुग्णवाहिकेतून मुंबई, आणि मग तीन आठवडे डायलिसिस.

आई वाचली. डायलिसिस सुटलं. किडन्या पूर्ण बऱ्या मात्र झाल्या नाहीत. निम्म्याहून कमी चालतात असं सांगितलं, आणि पथ्याचा कागद हातात दिला. त्यावर पहिल्याच ओळीत होतं, केळं बंद. दुसऱ्या ओळीत, नारळपाणी बंद; त्यातलं पोटॅशियम अर्धवट किडन्यांना बाहेर टाकता येत नाही. डॉक्टरांना काय माहीत, त्यांनी कोणाच्या घरी हा कागद पाठवला ते. आमच्या दारात घड टांगलेले असतात. आई त्या हिवाळ्यातही सुकेळी करायला बसली. करायची आणि दुसऱ्यांना वाटायची. चव बघायला मला बोलवायची.

मी पत्रक लिहायला घेतलं. नर्सिंग होमच्या विरुद्ध. पहिली ओळ जमली, दुसरी जमली, पुढे जाईना. पहिल्या दिवशी लघवी किती झाली, कितीने कमी पडली, कधी पडली? माझ्याकडे आकडा नव्हता. आकड्याशिवायचं पत्रक म्हणजे शिव्या. ते कागद तसेच राहिले.

इकडे मावशीला डॉक्टरांनी सांगितलं की बहिणीला झालं, तुम्हीही तपासून घ्या. तिने तपासलं आणि तिचीही गाठ सापडली, पण लहान, वेळेवर सापडलेली. आईने वर्षभर रक्त सांडलं आणि निदान मावशीचं लवकर झालं. काकांच्या म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या कंपनीने खर्च उचलला. मुंबईचं मोठं हॉस्पिटल, नंबरही लागला. गाठ लहान म्हणून आतडं तिथल्या तिथे जोडता आलं, पोटावर पिशवी नाही. मी हे सगळं ऐकत होते आणि माझ्या छातीत एकेक टाचणी टोचत होती. मावशी वाचावी असं मला वाटत होतं. तिला सगळंच मिळू नये असंही वाटत होतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यापाशी बसायला गेले. ती जागी होती, गप्पा मारण्याइतकी. मला म्हणाली, खोळ आणलीस ना? आदल्या आठवड्यात तिनेच फोन करून सांगितलं होतं, तुझी ती फुलाफुलांची खोळ घेऊन ये, नाहीतर सगळ्यांसमोर कसं दिसेल. मी धुऊन, इस्त्री करून आणली होती. मी ती पिशवीवर चढवली आणि नाडी ओढली.

नर्स धावतच आली. केरळची होती, तिच्या तऱ्हेच्या मराठीत म्हणाली, "हे काय घातला? काढा, काढा. मला दिसला पाहिजे."

तिने खोळ स्वतःच उपसून माझ्या मांडीवर टाकली, खाली वाकून पिशवीवरच्या रेघा वाचल्या आणि खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर आकडा लिहिला. त्या तक्त्यावर दर तासाचा रकाना होता. ऑपरेशनच्या टेबलापासून त्या क्षणापर्यंत एकही रकाना रिकामा नव्हता. पिशवी निम्मी भरलेली, पिवळी, स्वच्छ.

मला मावशीच्या लघवीचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. इतका, की मी थोडा वेळ बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले.

परत आले तर मावशी मला हात दाखवायला लागली. कोपराच्या खाली, मांसल भागावर, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा चौकोन उठला होता, कडेने लालसर. तिथे म्हणे पट्टी लावली होती. पट्टीतून तांबडा उजेड कातडीच्या आत जातो आणि आतल्या मांसात प्राणवायू किती उरलाय त्याचा आकडा यंत्रावर येतो. ऑपरेशनच्या मधे आकडा उतरला, म्हणून त्यांनी लगेच पाणी चढवलं, रक्त चढवलं, तो परत वर आला. हे सगळं तिला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कसली तरी पाहणी चालू होती, की अशा पट्टीवरून किडनीला इजा होणार हे आधी कळतं का. मावशीने त्यात सही करून भाग घेतला होता. "माझ्यावरून शिकणार आहेत," ती म्हणाली. तिला अभिमान वाटत होता. वाटणारच.

मी त्या डॉक्टरीणबाईंना गाठलंच. तिशी-बत्तिशीच्या, पायात स्लीपर, हातात अर्धा खाल्लेला वडापाव. मी पत्रकाच्या भाषेतच सुरुवात केली. माझ्या आईला वसईला बोटाचा चिमटा लावला होता, तो अठ्ठ्याण्णव दाखवत होता, आणि तरी तिच्या किडन्या गेल्या. मग चिमटा खोटं बोलला का?

त्या म्हणाल्या, चिमटा खरंच बोलला. पण तो एवढंच सांगतो की हृदयातून निघालेल्या रक्तात प्राणवायू भरलेला आहे. ते रक्त कुठे किती पोचलं, हे तो सांगत नाही. रक्त कमी पडलं की शरीर आधी हृदय आणि मेंदूला देतं. हात, कातडी, आतडं, किडन्या यांचं तोडतं. बीपी पडायच्याही आधी हे सुरू होतं. पट्टी हातावर लावतात ती म्हणूनच, शरीर आधी तोडतं ते हाताचं. हाताचं तोडलं तर किडनीचंही तोडत असेल अशी शंका घ्यायची. क्रिएटिनिन तर एक-दोन दिवसांनी वर जातं. तेव्हा कळून काय उपयोग?

मला पुढचं समजावायला लागलं नाही. गासच्या वेशीवरून भरून निघालेला टँकर मी हजारदा पाहिला होता. तो भरलेला आहे एवढ्यावरून कोण तहानलंय ते कळत नाही. मी तसं म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे मी विद्यार्थ्यांना सांगेन.

मग त्यांनी मला विचारलं, आईची लघवी पहिल्या दिवशी किती होत होती?

मी म्हणाले, माहीत नाही.

"मोजली नव्हती?"

माझ्या पर्समध्ये ती खोळ होती. मी काढून त्यांच्या पुढ्यात धरली आणि सगळं सांगितलं. आई काय म्हणाली, मी काय शिवलं, मावशीने नाडी कशी आवळली. मला वाटलं होतं त्या ओरडतील. मी ओरडले असते. त्यांनी खोळ हातात घेतली, उलटी करून शिलाई बघितली आणि म्हणाल्या, "सगळेच झाकतात. कोणी टॉवेलने, कोणी पेपरने. शिवलेली पहिल्यांदा पाहिली."

मी विचारलं, आम्ही झाकली नसती तर? त्यांनी सरळ उत्तर दिलं, ते मला आवडलं. म्हणाल्या, टेबलावर जे झालं ते होऊन गेलं होतं, ते टळलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं असतं. तिसऱ्या संध्याकाळपेक्षा बरं.

म्हणजे अन्याय करणाऱ्यांच्या यादीत मीही आहे. नर्सिंग होमच्या खाली, दुसऱ्या क्रमांकावर. असू दे. यादी खरी असली पाहिजे.

पण मी त्यांच्याकडे गेले होते त्याचं खरं कारण वेगळंच होतं. आईचं दुसरं ऑपरेशन राहिलं होतं. तीन महिन्यांत बंद होणारी पोटावरची पिशवी पाच महिने झाले तरी तशीच होती, कारण वसईला येणाऱ्या सर्जननी सांगितलं होतं, या किडन्यांवर दुसरी भूल जड जाईल, आहे तसंच राहू द्या. आईला ती पिशवी नको होती. ती कोणाच्या लग्नाला जाईना, देवळात जाईना, वाडीत वाकेना. तिला वास येतो असं वाटायचं. येत नव्हता. मी त्या बाईंना विचारलं, तुम्ही माझ्या आईचं करा, आणि तिला ती पट्टी लावा. मी सही करते, आई सही करेल, हवं तर अख्खं गाव सही करेल.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पट्टीच्या पाहणीत आईला घेता येणार नाही. तिथे फक्त ज्यांच्या किडन्या चांगल्या आहेत तेच घेतात. आधीच बिघडलेली किडनी घेतली तर बिघाड ऑपरेशनने झाला की आधीचा होता ते ठरवता येत नाही. आणि पट्ट्या मोजून आलेल्या, एकदा वापरली की फेकायची, पाहणीबाहेर एकही लावता येत नाही.

मी म्हणाले, म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली नाही त्यालाच पहारेकरी.

त्या म्हणाल्या, आज असंच आहे. आणि ही पट्टी खरंच किडनी वाचवते का हे आम्हालाही अजून माहीत नाही. तुमच्या मावशीचा आकडा उतरला नि चढला. तो नसता तरी कदाचित काही झालं नसतं.

हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मला ती पट्टी हवी होती. उपयोगी असो नसो, मावशीच्या हातावर होती आणि माझ्या आईच्या हातावर नव्हती.

महिन्याभराने मावशी गासला आली. तब्येत सुधारली होती. ओटीवर बसून तिने सगळी हकीकत सांगितली, यंत्र कसं, उजेड कसा, डॉक्टरीण किती हुशार. सांगता सांगता घडातली केळी तोडून खात होती. एक संपलं, दुसरं संपलं. आई समोर बसून तिला बघत होती. चौकोनाची खूण आता फिकी झाली होती, पण आईने मावशीचा हात मांडीवर ओढून घेतला आणि खुणेवरून बोट फिरवलं.

"मना पन लावतील?" आईने मला विचारलं.

मी महिनाभर तिला हे सांगायचं टाळलं होतं. आता सांगावं लागलं. घेत नाहीत. का, तेही सांगितलं. आईने मावशीचा हात सोडला. मग म्हणाली, "नासकं केळं पेटीत भरत नाहीत, तसंच ना?"

मावशीने तिसरं केळं तोडलं होतं. माझं डोकं फिरलं.

"मावशी, ते खाली ठेव," मी म्हणाले. "तुझ्या किडन्या आईच्या जिवावर शाबूत आहेत. तिला झालं नसतं तर तू तपासलंही नसतंस."

मावशीने केळं खाली ठेवलं. सोललेलं, ताटात. मला वाटलं रडेल किंवा उठून जाईल. ती म्हणाली, "मला रोज वाटतं ते. तू आज बोललीस."

मग आई माझ्यावर वैतागली. गेल्या सहा महिन्यांत ती इतक्या जोरात बोलली नव्हती. "तिच्या हातावरची उपटून मना चिकटवनार हायेस का? तिला खाऊ दे. आनि तुला येवढंच भांडायचं असेल तर डाक्टरकडे चल, मी येते."

म्हणून आम्ही तिघी गेलो. आई, मी आणि मावशी. डॉक्टरीणबाईंच्या समोर आई डोक्यावर पदर घेऊन बसली, आणि मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच विषय काढला. यंत्र नाही तर राहिलं, म्हणाली. ऑपरेशन करा. पण एक सांगा.

"माझी लघवी कोन मोजनार? त्याचं तोंड मना आधी दाखवा."

बाईंनी खरंच वॉर्डमधून नर्सला बोलावलं. तीच केरळची. आईने तिला खालून वर बघितलं आणि म्हणाली, हां, ही चालेल. मग बाईंनी आम्हाला सांगितलं की ऑपरेशन मावशीचेच सर्जन करतील, भूल द्यायला त्या स्वतः असतील, मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून बीपी सारखं बघतील, आदल्या दिवशीपासून पाणी चढवून आईला कोरडी होऊ देणार नाहीत, किडनीला जड जाणारी वेदनेची औषधं देणार नाहीत आणि लघवी दर तासाला मोजतील. हे सगळं तेव्हाही जगात होतं. वसईतही होतं. कोणी मागितलं नव्हतं. आम्हीही नाही.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. सकाळी आठला नेली, दुपारी एकला बाहेर आणली. मी शाळेची वही घेऊन बसले होते, नर्सच्या तक्त्याशिवाय माझी स्वतःची. दोन वाजता तीस मिलिलिटर. तीन वाजता पंचवीस. चार वाजता मी वाकले आणि रेघ शोधत राहिले. दहा.

मी परत वाचलं. दहाच. मी नर्सला बोलवायला गेले. नर्स आली, वाकली, तिनेही दहा वाचले आणि लगेच फोन केला. डॉक्टरीणबाई पाचव्या मिनिटाला हजर. नळी कुठे दुमडलीय का बघितलं, पोट चाचपलं, बाटलीचा वेग वाढवला, दुसरी बाटली लावली आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या. मावशी खिडकीशी उभी राहून आपल्या हातावरची खूण खाजवत होती. तिथे आता खूण नव्हतीही. त्या तासाभरात मी तिचा जितका द्वेष केला तितका आयुष्यात कोणाचा केला नाही, आणि तिचा हातही सोडला नाही.

मधेच भेटायची वेळ झाली आणि मोठे काका आले. गासहून दोन गाड्या बदलून, हातात फुलांची पुडी. आई जागी झाली होती. तिने उशीवरच पदर डोक्यावर ओढला, आणि तिची नजर पिशवीकडे गेली. उघडीच लोंबत होती, काकांच्या गुडघ्याजवळ. मावशीने सवयीने आपली ओढणी काढायला घेतली.

"राहू दे," आई म्हणाली. "त्यांना पन वाचता येतं."

काका गोंधळले. मग चष्मा लावून वाकले, जसे विजेचं मीटर बघायला वाकतात, आणि म्हणाले, चाळीस आहेत बहुतेक. नर्सने येऊन बघितलं. पाच वाजता चाळीस. मी लिहिलं.

दोन दिवसांनी आईचं क्रिएटिनिन थोडं वर गेलं आणि आठवड्याने आधी होतं तिथे येऊन थांबलं. त्याहून चांगलं झालं नाही. पोटावरची पिशवी गेली. ती देवळात जाते, लग्नाला जाते, वाडीत वाकते. केळं बंद आहे. मावशी आता आमच्या ओटीवर केळं खात नाही. आई आग्रह करते तरी खात नाही, आणि मला त्याचाही राग येतो, कारण त्यात ती चांगली ठरते. ती पट्टी खरंच कामाची होती का, मला ठाऊक नाही. पाहणीचं काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. तरी कधी मावशीचा हात दिसला की मी त्याच जागेकडे बघते.

तुम्ही हे वाचताय आणि तुमच्या घरचं कोणी उद्या ऑपरेशनला जाणार असेल, तर सही करायच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, किडनीपर्यंत रक्त पोचतंय की नाही हे तुम्हाला कशावरून कळणार आणि किती वेळात कळणार. उत्तर मिळेपर्यंत पेन उचलू नका. आणि तुमचं माणूस आत्ता खाटेवर असेल, लघवीच्या पिशवीवर टॉवेल असेल, समोर दीर, जावई, सासरे कोणीही बसलेले असोत, तर हा कागद बाजूला ठेवा, उठा, टॉवेल काढा, वाका, आकडा वाचा आणि वेळेसकट लिहा.